लाल दिव्याची साक्ष

जुन्या जावा-येझदीच्या हेडलाइटच्या टोपात दोन इवले दिवे असतात. हिरवा न्यूट्रलचा, लाल चार्जिंगचा. हिरव्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, कारण या गाडीत किक आणि गिअर एकाच दांडीने चालतात आणि न्यूट्रलची खात्री झाल्याशिवाय ती दांडी आत दाबून वर वळवायला मन धजत नाही. लाल दिव्याची किंमत मात्र फार थोड्यांना कळते. चावी लावली की तो पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो, एवढ्यावर लोक त्याला सोडून देतात. मला त्या अख्ख्या गाडीत त्याच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा दिसलेला नाही.

त्याची जोडणी समजून घेण्यासारखी आहे. त्याचं एक टोक चावीतून बॅटरीच्या प्लसला जातं, दुसरं डायनामोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, प्लसला. इंजिन बंद असताना डायनामो काहीच तयार करत नाही. आर्मेचर म्हणजे डायनामोतला तार गुंडाळलेला फिरता भाग, आणि कार्बन ब्रश म्हणजे त्याला टेकून करंट वाहणारे कोळशाचे तुकडे. त्यांच्यातून डायनामोचं ते टोक सरळ बॉडीला, म्हणजे अर्थला भिडलेलं असतं. त्यामुळे बॅटरीचा करंट दिव्यातून डायनामोकडे वाहतो आणि दिवा पेटतो. इंजिन फिरू लागलं, डायनामोचं व्होल्टेज चढत चढत बॅटरीच्या बरोबरीला आलं, की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज मिळतं. करंटला वाहायला काही कारण उरत नाही. दिवा विझतो.

म्हणजे 'चार्जिंग चालू आहे' असं तो दिवा कधीच सांगत नाही. दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे की नाही, एवढंच सांगतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की त्याच्या प्रत्येक वागण्याला अर्थ येतो. चावी लावूनही पेटला नाही, तर एक तर बल्ब गेलाय, नाहीतर बॅटरी पार उतरली आहे, नाहीतर कार्बन ब्रश झिजून कम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला, टेकतच नाहीत. यातली शेवटची शक्यता बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ते बल्ब बदलतात, दिवा तरी पेटत नाही, आणि मग वायरिंगला दोष देतात. इंजिन पळवूनही दिवा लख्ख पेटलेलाच राहिला, तर डायनामो मेलेला आहे. इंजिन पळतंय आणि दिवा अगदी मंद, निखाऱ्याच्या रंगाचा, फक्त अंधारात दिसेल इतकाच पेटतोय, तर डायनामो जिवंत आहे, वीज तयार होते आहे, पण ती बॅटरीपर्यंत पोचताना वाटेत कुठेतरी गळते आहे.

माझ्या येझदीला ही तिसरी व्यथा होती.

गाडी मामांची. साताऱ्याला त्यांच्या वाड्याच्या पडवीत ती बरीच वर्षं गोणपाटाखाली उभी होती. प्रागमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या जावा कंपनीची गाडी १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागली. १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. जावा-येझदीची नावं आता नव्या गाड्यांवर परत आली आहेत, पण त्यांचा आणि या जुन्या गाडीचा एकही स्क्रू एकमेकांना लागत नाही. त्यामुळे डायनामोची ही पिढी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती सांभाळायची, एवढाच मार्ग आहे. मामांची गाडी पुण्याला आणून मी तिचा सांगाडा पावडर कोट करून घेतला, टाकीला रंग दिला, इंजिनाचं काम करून घेतलं. दिवसा ती सुरेख पळायची. रात्री हेडलाइट लावला की लाल दिवा त्या मंद रंगाने जागा व्हायचा, आणि रात्रीची लांब फेरी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी बसलेली असायची.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी झाकणही न उघडता निदान केलं. डायनामो फेकून द्या, बारा व्होल्टचं किट टाका, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नवा, बॅटरी नवी, वायरिंग नवं. हा सल्ला ज्याला जुनी गाडी आहे त्याला कधी ना कधी मिळतोच. माझा त्याला विरोध आहे आणि तो जुन्या वस्तूच्या मोहापोटी नाही. निदानाआधी उपचार झाला की खरा दोष गाडीतच राहतो. सगळं बदलल्यावर गाडी नीट चालली, तरी नेमकं काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही. आणि पुष्कळदा ती नीट चालतही नाही, कारण दोष त्या सुट्या भागांत नव्हताच. तो त्यांच्या मधल्या जोडांत होता आणि जोड तेच राहिले.

मला व्होल्ट मोजायचा मीटर लावायला शिकवलं साताऱ्याच्या अण्णांनी. आर्मेचर भरण्याचं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळण्याचं, त्यांचं छोटं दुकान आहे. पिठाच्या गिरणीच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, मिक्सर, जुन्या ट्रॅक्टरचे डायनामो, जे येईल ते ते भरून देतात. मी फोनवर लक्षणं सांगायला लागलो की ते मध्येच थांबवतात. "मला गोष्ट नको सांगू, आकडे सांग. आकडे नसतील तर आधी मीटर लाव, मग फोन कर."

तर आकडे. या गाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल असतात. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी रात्रभर शांत ठेवली तर ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. ४.२ च्या आसपास दाखवत असेल तर एक सेल मेलेला आहे आणि बाकी काहीही तपासण्याआधी बॅटरी बदलली पाहिजे. चार्जिंग चालू असताना, इंजिन मध्यम वेगात, बॅटरीच्या दोन टोकांवर सात किंवा सातच्या थोडं वर व्होल्ट दिसायला हवेत. माझ्याकडे लाइट बंद ठेवूनही तिथे ६.५ दिसत होते. एवढं बघूनच बहुतेक लोक डायनामो कमी देतोय असं म्हणतात.

अण्णा म्हणाले, "बॅटरीवर काय पोचतंय ते बघितलंस. आता निघतंय किती ते बघ."

उजव्या बाजूचं झाकण काढून डायनामोच्या प्लसवर मीटरचं एक टोक आणि डायनामोच्याच अंगावर दुसरं टोक धरलं. ७.४ व्होल्ट. डायनामो अगदी ठणठणीत होता. निघताना ७.४ आणि पोचताना ६.५, म्हणजे ०.९ व्होल्टची वाटेत गळती. आता एवढंच शोधायचं की ही गळती कुठे होते आहे.

ही तपासणी करायची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात काहीही उघडावं लागत नाही, तोडावं लागत नाही. मीटर व्होल्टवरच ठेवायचा, इंजिन चालू ठेवायचं, आणि मीटरची दोन टोकं एकाच वाटेच्या दोन मुक्कामांवर धरायची. वाट साफ असेल तर मीटर शून्याजवळ राहतो. मध्ये अडथळा असेल तर त्या अडथळ्यावर जेवढे व्होल्ट खर्च होतात तेवढेच मीटर दाखवतो. डायनामोच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.६ निघाले. बॅटरीच्या मायनसपासून डायनामोच्या अंगापर्यंत ०.३ निघाले. बेरीज ०.९. हिशेब तिथल्या तिथे जुळला आणि दोष एक नसून दोन आहेत हेही कळलं.

ओहमचा नियम शाळेत सगळे शिकतात, पण तो असा डोळ्यांसमोर काम करताना दिसला की त्याची खरी गोडी कळते. अडथळा तोच राहिला आणि करंट दुप्पट झाला, तर गळतीही दुप्पट. दिवसा फक्त बॅटरी आणि इग्निशन कॉइलपुरता करंट जात होता, तेव्हा प्लसच्या वाटेवर ०.६ गळत होते आणि तेवढ्याने लाल दिव्याची तार तापत नव्हती. रात्री हेडलाइटचा भार पडला की त्याच वाटेवर एका व्होल्टहून जास्त गळती होई. तेवढा फरक त्या चिमुकल्या दिव्याला निखाऱ्यासारखं उजळायला पुरेसा असतो. दिवा पहिल्यापासून खरं सांगत होता.

प्लसच्या वाटेवर मुख्य मुक्काम कटआउटचा. रेग्युलेटरच्या डबीत दोन वेगळी कामं करणाऱ्या दोन चुंबकी पट्ट्या असतात, आणि आपल्याकडे सगळ्या डबीलाच कटआउट म्हणतात. एक पट्टी डायनामोचं व्होल्टेज मर्यादेत ठेवते. व्होल्टेज फार वाढलं की ती फील्ड कॉइलच्या, म्हणजे डायनामोत चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीच्या, वाटेत एक रोधक आणून सोडते, फील्ड अशक्त होतं, व्होल्टेज उतरतं, पट्टी परत सुटते. चालू गाडीत हे सेकंदाला कितीतरी वेळा चाललेलं असतं. दुसरी पट्टी खरी कटआउट. डायनामो बॅटरीपेक्षा वरचढ झाला की ती दोघांना जोडते, इंजिन मंदावून डायनामो खाली आला की तोडते. ही तुटली नाही, चिकटून बसली, तर बॅटरी आपला करंट उलट डायनामोच्या आर्मेचरमध्ये ओतायला लागते. गाडी बंद, चावी खिशात, आणि आत वायर तापून प्लास्टिकचा वास सुटतो. जुन्या गाडीच्या मालकाला तो वास कधी आला तर त्याने विचार करत बसू नये, आधी बॅटरीची वायर काढावी. बॅटरीला लागून १५ अँपिअरचा फ्यूज का असावा याचं उत्तर या एका प्रसंगात आहे. कित्येक गाड्यांत त्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला सापडतो आणि ते पाहून जिवाचा थरकाप होतो.

माझ्या गाडीत कटआउटच्या एकमेकींना टेकून करंट जोडणाऱ्या दोन टिकल्यांवर इतक्या वर्षांच्या दमटपणाने काळा थर चढला होता. पडवीत उभ्या गाडीला साताऱ्याचा पाऊस लागत नसला तरी त्याची हवा लागतेच. अशा टिकल्या घासायला लोक पॉलिश पेपर घेतात. तो घेऊ नये, त्याचे कण धातूत रुतून बसतात आणि नवा अडथळा तयार करतात. बारीक कानस एकदोनदा हलक्या हाताने, आणि मग जाड गुळगुळीत कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून दोन टिकल्यांच्या मधून ओढायची, पट्टी पांढरी निघेपर्यंत. फ्यूजच्या पितळी चिमट्यांवर हिरवा गंज होता, तोही काढला. हेडलाइटच्या टोपात एक जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला सापडला, तो कापून नीट कथलाचा डाग दिला. त्यानंतर प्लसच्या वाटेची गळती ०.१ वर आली. रात्री हेडलाइट लावून बघितलं, लाल दिवा विझलेलाच राहिला.

इथे पुष्कळ जण हात पुसून गाडी बाहेर काढतात. लाल दिवा विझला म्हणजे काम झालं. पण दिव्याची दोन्ही टोकं प्लसच्या बाजूला आहेत. मायनसच्या वाटेवर काय चाललंय ते त्याला दिसूच शकत नाही. माझे ०.३ व्होल्ट अजून तिथे गळत होते.

अर्थ हा जुन्या गाड्यांचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि याबद्दल मला तळमळीने सांगायचंय. गाडीत प्रत्येक दिव्याला जाणारी वायर दिसते, परत येणारी दिसत नाही, कारण परतीची वाट म्हणजे गाडीचा सांगाडाच असतो. जे दिसत नाही त्याची निगा कुणी राखत नाही. त्यात आता जीर्णोद्धाराची नवी हौस आली आहे. सांगाडा पावडर कोट केला की तो आरशासारखा चमकतो, वर्षानुवर्षं टिकतो, आणि प्रत्येक बोल्टाखाली प्लास्टिकचा जाड थर बसतो. विजेच्या दृष्टीने तो विलग झालेला असतो. नव्याने सजवलेल्या गाडीचे दिवे सजवण्यापूर्वीपेक्षा मंद का झाले, म्हणून लोक हैराण होतात. बॅटरीची अर्थ वायर जिथे सांगाड्याला बोल्टाने आवळली आहे तिथे वॉशरच्या आकाराएवढा कोट खरवडून लख्ख लोखंड उघडं करायला हवं, तिथे दातेरी वॉशर घालायला हवा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावायला हवं म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. इंजिन जिथे सांगाड्याला बसतं तिथलीही तीच गोष्ट. रेग्युलेटरच्या डबीचा अर्थ तर त्याहून नाजूक. तिची कॉइल प्लस आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून निर्णय घेते. अर्थ कच्चा असेल तर तिला खऱ्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून ती डायनामोला आवरत नाही, आणि मग बॅटरीतलं पाणी उकळून जातं नि बल्ब एकामागून एक उडतात. लोक म्हणतात, रेग्युलेटर खराब. रेग्युलेटर बिचारा त्याला दिसलं तसं वागत असतो.

आणि हेडलाइट. त्याचा परतीचा करंट फोर्कमधून, स्टिअरिंगच्या छर्‍यांमधून, छर्‍यांना लावलेल्या ग्रीसमधून सांगाड्यात येतो. ग्रीस वीज वाहत नाही. हँडल वळवलं की लाइट लुकलुकतो तो याच कारणाने. हेडलाइटच्या आतून एक स्वतंत्र अर्थ वायर थेट बॅटरीच्या मायनसला आणून जोडली, तर गाडीचं रूप तिळमात्र बदलत नाही आणि रस्ता उजळतो. सहा व्होल्टच्या गाडीत याचं मोल दुप्पट. ३५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर तीन अँपिअरही खात नाही, सहा व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर खातो. करंट दुप्पट म्हणून प्रत्येक कच्च्या जोडावरची गळती दुप्पट, आणि मुळात असलेल्या सहातून ती वजा व्हायची. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड साधारण तीस टक्के घटतो. 'सहा व्होल्टचा लाइट म्हणजे मेणबत्ती' असं म्हणणाऱ्यांनी सहा व्होल्ट बल्बपर्यंत पोचलेले कधी बघितलेलेच नसतात.

मोठा बल्ब टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. या डायनामोची ताकद ४५ वॉटच्या आसपास, म्हणजे साडेसात अँपिअर. त्यात हेडलाइट, टेललाइट, इग्निशन कॉइल, हॉर्न, आणि उरलं तर बॅटरी. जो बल्ब कंपनीने नेमून दिला तोच घालावा.

मायनसची वाट साफ झाल्यावर मध्यम वेगात बॅटरीवर ७.१ व्होल्ट दिसले, हेडलाइट लावून ६.८. बारा व्होल्टचं किट घ्यावं लागलं नाही. डायनामो होता तिथेच आहे.

या डायनामोविषयी मला वाटणारी आपुलकी थोडी सांगितली पाहिजे. क्रँकच्या उजव्या टोकावर आर्मेचर बसतं, त्याच्या बाहेरच्या टोकाला ठिणगीसाठी करंट तोडणारे पॉइंट उघडणारा कॅम, भोवती फील्ड कॉइलचं कडं, आणि त्याच कड्यावर पॉइंट, कंडेन्सर, कार्बन ब्रश. एका झाकणाआड सगळा संसार. यात कायमचं चुंबक कुठेच नाही. मग पहिल्यांदा वीज तयार होते कशी? चुंबकीय क्षेत्रात तार फिरवली की वीज निर्माण होते हे फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. पण इथे चुंबकीय क्षेत्र तयार करायला फील्ड कॉइलला वीज हवी, आणि वीज यायला चुंबकीय क्षेत्र हवं. हे कोडं एकोणिसाव्या शतकात सुटलं. हंगेरीतले धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ आन्योश येद्लिक यांना ते १८६१ च्या सुमारास उमगलं होतं, आणि १८६६-६७ मध्ये वर्नर फॉन सीमेन्स, चार्ल्स व्हीटस्टन आणि सॅम्युअल व्हार्ली यांनी जवळजवळ एकाच वेळी ते जगापुढे ठेवलं. लोखंड एकदा चुंबकित झालं की त्यात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. इंजिन फिरलं की त्या उरलेल्या चुंबकत्वावर किंचितशी वीज तयार होते, ती फील्ड कॉइलमध्ये जाऊन चुंबकत्व थोडं वाढवते, त्यावर आणखी वीज, त्यावर आणखी चुंबकत्व. दुधाला विरजणाचा थेंब पुरतो तसं.

थेंबच उरला नाही तर मात्र दूध दूधच राहतं. बरीच वर्षं पडून असलेल्या, किंवा हातोड्याचे घाव घालून उघडलेल्या डायनामोचं हे शिल्लक चुंबकत्व कधी कधी जातं. कार्बन नवे, आर्मेचर उत्तम, कम्युटेटर स्वच्छ, वायरी शाबूत, आणि तरी शून्य व्होल्ट. अशा डायनामोला मेला म्हणून भंगारात घातलेलं मी पाहिलंय. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असे डायनामो चादरीवर मांडलेले दिसतात आणि त्यांतले किती जण नुसते झोपलेले असतील या विचाराने मला हळहळ वाटते. रेग्युलेटरच्या वायरी सोडवून, फील्ड कॉइलला बॅटरीचा योग्य दिशेने क्षणभर स्पर्श दिला की लोखंडात ते चुंबकत्व परत रुजतं. दिशा महत्त्वाची. बॅटरी उलटी लावून कुणी असा स्पर्श दिला, तर डायनामो उलट्या ध्रुवांनी जागा होतो आणि कटआउटच्या टिकल्या तडतडून एकमेकींना वितळून चिकटतात. आपल्या येझदीला मायनस अर्थ आहे, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदा प्लस अर्थ असतो. दोन्हींवर काम करणाऱ्या मिस्त्रीने हात लावण्यापूर्वी हे विचारलंच पाहिजे.

आर्मेचर खरंच जळलं असेल तर अण्णांसारख्यांची गरज लागते. त्यांच्या दुकानात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा एक विजेवर चालणारा चुंबक आहे. त्याच्यावर ते आर्मेचर आडवं ठेवतात, चुंबक चालू करतात आणि हॅक्सॉचं पातळ पातं आर्मेचरच्या खाचांवरून फिरवत जातात. ज्या खाचेतली गुंडाळी आतल्या आत शॉर्ट झाली आहे तिच्यावर आलं की पातं थरथरून वाजतं. मग जुनी तार काढायची, किती वेढे होते आणि कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेले होते ते वहीत लिहून घ्यायचं, खाचांत वीज अडवणारा नवा लेदरॉइड कागद घालायचा, त्याच जाडीची नवी तार भरायची, कम्युटेटरच्या प्रत्येक पट्टीला डाग द्यायचा, वॉर्निश पाजून तापवायचं. कम्युटेटर लेथवर एक हलका हात मारून गोल करायचा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधलं अभ्रक पात्याच्या तुकड्याने किंचित खाली कोरायचं. ते कोरलं नाही तर तांबं झिजतं, अभ्रक झिजत नाही, ते वर उरतं आणि त्यावर उड्या मारून कार्बन ठिणग्या टाकायला लागतात.

अण्णांच्या त्या वह्या हा माझ्या दृष्टीने फार मोठा ठेवा आहे. जीप, ट्रॅक्टर, बुलेट, येझदी, कधीच बंद झालेल्या कंपन्यांचे पंप, सगळ्यांच्या वेढ्यांचा हिशेब त्यांत आहे. हाताखाली शिकायला आता कुणी येत नाही असं ते सांगतात. मोबाइल दुरुस्तीत पैसा आहे, आणि इथे हात काळे होतात. मी त्यांच्या परवानगीने त्या वह्यांचे फोटो काढायला सुरुवात केली आहे. डायनामो फेकून किट टाकण्याला माझा विरोध का, याचं एक कारण हेही आहे. प्रत्येक फेकलेल्या डायनामोबरोबर अण्णांसारख्यांचं एक काम कमी होतं, आणि ते काम संपलं की उरलेले डायनामो भरून देणारं कुणी राहणार नाही.

नव्याला माझी सरसकट ना नाही. कटआउटच्या पट्ट्या पार झिजल्या असतील तर जुन्या डबीच्या आत इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवून घ्यावा, तो चांगला चालतो आणि हवं तेव्हा काढता येतो. टेललाइटला चांगला एलईडी टाकला तर डायनामोवरचा भार हलका होतो. ज्यांना रोज रात्री हायवेवर जायचंय त्यांनी बारा व्होल्ट करून घेतलं तर तेही मला समजतं. मात्र मीटर लावल्यावर, आणि काढलेला डायनामो कापडात गुंडाळून जपून ठेवल्यावर.

सध्या मी आमच्या गाडीच्या वायरिंगचा आराखडा मोठ्या कागदावर मराठीत काढतो आहे. म्हैसूरच्या छापील पुस्तिकेतल्या आकृतीत परतीच्या वाटा नुसत्या अर्थच्या खुणेने दाखवलेल्या आहेत. मी त्या पूर्ण रेघांनी काढल्या आहेत, सांगाड्यातून जाणाऱ्यासुद्धा, आणि प्रत्येक जोडाशेजारी तिथे किती व्होल्ट दिसायला हवेत ते लिहिलंय. पहिला खर्डा अण्णांना पाठवला. त्यांचा फोन आला की ब्रेक लाइटच्या स्विचचा रंग चुकीचा आहे, टेललाइटचा अर्थ मडगार्डच्या बोल्टातून जातो तो काढायचा राहिलाय, आणि एक प्रत मोठ्या अक्षरांत छापून दुकानात लावायला हवी आहे. मडगार्डचा बोल्ट मी काल उघडून पाहिला. त्याच्याखालीही पावडर कोट आहे. तो खरवडून झाला की मगच ती रेघ काढीन.